सिद्धम्माच्या लेकीचं बाळंतपण

नाटक कंपनी मोडल्यावर मी ताडकळसला भावाच्या आसऱ्याला आले, तेव्हा नामांतराचं आंदोलन चालू होतं. शेजारी सिद्धम्मा राहायची, गावची सुईण. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला शिकवून ब्लेड, दोरा आणि साबणाची डबी दिली होती. तेव्हापासून कापलेल्या नाळेला राख, शेण, हळद, काही म्हणजे काही ती लावू देत नसे. बायका चिडवायच्या, "सिद्धम्माचं लेकरू आधी साबण बघतंय, मंग आईला." तीही हसायची. पण धनुर्वाताने तिच्या हातचं एकही लेकरू गेलं नव्हतं, म्हणून बोलावणी तिलाच यायची.

तिची लेक महानंदा पहिलटकरीण. दिवस भरत आल्यावर सोनपेठहून माहेरी आली. सासरी तिला धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ दिलं नव्हतं. मुलगा झाला. सिद्धम्माने नाळ नीट कापली, कोरडी ठेवली. विहीण मल्लम्मा नातू बघायला आली, ती मठातलं भस्म पुडीत बांधून. कपाळाला लावा, बेंबीला नको, एवढं सांगून सिद्धम्मा दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली.

परतली तेव्हा बेंबी भस्माने पांढरी झालेली. नातवाला बळ यावं म्हणून मल्लम्माने मायेनंच लावलं होतं. सिद्धम्माने ती धुतली. बारशाआधीच लेकराने दूध सोडलं. एसटीने परभणीला नेईपर्यंत त्याचं अंग धनुष्यासारखं वाकलं होतं. परत आणलं ते पदराखाली झाकून.

लेकरू गमावलेली आई मी स्टेजवर कितीदा झाले. केस सोडून असा टाहो फोडायचे की तंबू रडायचा. महानंदा मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुधाने भिजलेली तिची चोळी बघवत नव्हती.

मल्लम्मा ऊर बडवत म्हणाली, "सरकारी ब्लेडानं खाल्लं वो माझं लेकरू."

सिद्धम्माने मान खाली घातली. नंतर परसात मी तिला विचारलं, खरं का बोलली नाहीस?

"अक्का, लेकीला त्याच घरात नांदायचं हाय. सासूच्या हातानं लेकरू गेलं म्हनलं, तर तिला तिथं कोन राहू दील?"

गावाने मल्लम्माचंच खरं मानलं. बोलावणी थांबली. सिद्धम्मा न बोलावता जायची, तर बायका दार लोटून घ्यायच्या.

पुढं महानंदाला पुन्हा दिवस गेले. आम्ही दोघी सोनपेठला गेलो. लेकीने चहा केला, स्टँडवर पोचवायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "आई, ह्या खेपेला मी हितंच बाळंत होते. तू येऊ नको."

"बरं बाई," सिद्धम्मा म्हणाली. "इंजेक्शन तेवढं घी."