अळिंबीच्या खोलीतली हवा

आमच्या अकोल्यात एप्रिल लागला की सकाळी नऊच्या आत घर बंद होतं. खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, दाराखालच्या फटीत जुनं गोणपाट कोंबायचं आणि पहाटेचा जो काही गारवा घरात आला असेल तो दिवसभर पुरवायचा. भर दुपारी खिडकी उघडी टाकणाऱ्याला आमच्याकडे बयताड, म्हणजे वेडा, म्हणतात. सध्या गल्लीतला बयताड मी आहे. बाहेर पंचेचाळीस असो की शेहेचाळीस, माझ्या घराची एकही खिडकी बंद नसते, आणि कुणी प्रेमानं लावायला गेलं तर मी वसकन अंगावर जातो. शेजाऱ्यांनी आता नाद सोडला आहे.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माश्या मारत बसण्यापेक्षा काही करावं म्हणून मागच्या खोलीत धिंगरी अळिंबी लावली. मशरूम म्हटलं की लोकांना लगेच कळतं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, उकळायचं, निथळून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, मध्ये मध्ये बियाणं पेरायचं आणि पिशव्या अंधाऱ्या, थंड खोलीत टांगायच्या. पंधरा-वीस दिवसांत आतलं कुटार पांढऱ्या तंतूंनी भरून जातं. मग पिशव्या कापायच्या, की बाहेर अळिंबी फुटते. अकोल्याच्या उन्हाळ्यात असली खोली थंड ठेवायची म्हणजे हौसेला मोल नाही, पण मी एक जुना एसी बसवला.

पहिल्या खेपेला फजिती झाली. अळिंबी आली ती लांबलचक देठांची आणि वर गुंडीएवढं डोकं. मीच वर्गात शिकवलेलं मी विसरलो होतो. अळिंबी झाडासारखी नसते. ती आपल्यासारखाच श्वास घेते, प्राणवायू ओढते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. खोली बंद असली की तो साठतो आणि कोंब हवेच्या शोधात नुसते लांबत जातात. एसी तीच ती हवा थंड करून फिरवतो, नवीन आणत नाही. मग मी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मागवलं. पांढरी डबी, वर आकडा. अंगणात धरली की साडेचारशेच्या आसपास दाखवायची. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी जास्त साठतो, म्हणून भिंतीला जमिनीलगत भोक पाडून हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. पुढची खेप अशी आली की बघत राहावी. मला वाटलं, जिंकलो.

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. तिचे यजमान गेल्यावर ती अकोटचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. तिची एकुलती मुलगी धामणगावला दिलेली. बाई आली आणि माझ्या विज्ञानाची पार वाट लागली. पिशव्या भरण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण हवा मोजायची असते हे तिला काही केल्या पटेना.

"हवा का मोजाले लागते काय रे बापा? ते काय दूध हाय?"

तिची मोठी तक्रार त्या पंख्याच्या भोकाची. पंखा बंद असला की तिथून गरम झळ आत यायची. दोनच दिवसांत तिनं आपलं जुनं लुगडं गोल गुंडाळून त्या भोकात बसवलं. मी काढलं. तिनं परत बसवलं. मी चिडून समजावलं, तर म्हणाली, "उन्हाळ्यात भोक उघडं ठेवते काय कोणी? इतकी थंडाई वाया जाऊन राहिली, तुले दिसत नाही?" तिनं जन्मभर असंच घर राखलं होतं. माझ्या आईनंही असंच राखलं होतं.

मे महिन्यातल्या खेपेला मी हात टेकले. त्याला कारणही होतं. तंतू पसरत असतात तेव्हा अळिंबीला जास्त कार्बन डायऑक्साइड चालतो, किंबहुना मानवतो. पिशव्या कापेपर्यंत खोली बंद ठेवली तर बरंच. मी बाईला म्हणालो, "राहू दे तुझं लुगडं, पिशव्या कापू तेव्हा काढू." ती खूश झाली. घरात तेवढीच एक खोली गार होती, त्यामुळे दुपारचं जेवण झालं की ती चटई घेऊन तिथे जमिनीवर पडायची.

यंत्राला हे मानवेना. आकडा वर गेला की ते ओरडायचं. बाई दचकून उठायची. "हे टिटवीवाणी काहून ओरडून राहिलं? अभद्र!" टिटवी ओरडली की माणूस जाणार, अशी आमच्याकडे अजूनही धास्ती घेतात. मी हसलो आणि म्हणालो, "ते अळिंबीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही." आणि त्याचा आवाज बंद करून टाकला.

हे वाक्य मी म्हणालो. तीस वर्षं मुलांना श्वसन शिकवणारा मी. पिशव्यांना काय चालतं याचा मी विचार केला होता. त्याच खोलीत जमिनीवर, सगळ्यात खालच्या हवेत, एक माणूस दोन-दोन तास झोपतं, हे रोज डोळ्यांनी बघत होतो आणि तरी ते माझ्या हिशेबात आलं नाही. चार दिवस ती उठली की कपाळ दाबत बसायची. मी तिला उन्हाची बाधा म्हणून पन्हं करून दिलं.

त्या दिवशी मी एका हॉटेलवाल्याला मागच्या खेपेची वाळवलेली अळिंबी दाखवायला अमरावतीला गेलो होतो. पाचच्या सुमाराला परतलो. घर बंद होतं, नीट, शिस्तीत बंद होतं. मागच्या खोलीचं दार ढकलायला जोर लागला, कारण तिनं आतून दाराखालीही कापड कोंबलं होतं. ती कुशीवर झोपलेली होती. हाक मारली. खांदा हलवला. मग भिंतीवरच्या डबीकडे लक्ष गेलं. ९९९९. चार नऊ. त्या यंत्राला त्याच्यापुढे मोजताच येत नाही. खोलीत खरं किती होतं हे मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणंच माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

मी आधी काय केलं ते सांगतो. शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी मी लुगडं उपसून काढलं, पंखा लावला, दार सताड उघडलं आणि डबीतले सेल काढून खिशात घातले. मग ओरडलो.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. वय सत्तरीच्या पुढचं, रक्तदाबाची गोळी चालू होती, त्यात मे महिना. ते म्हणाले, हार्ट. झोपेत गेल्या, पुण्यवान बाई. असेलही तसं. मी विज्ञानाचा माणूस, एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला समजतं. पण दुपारी दोन वाजले की मी त्या रिकाम्या खोलीत जातो. पिशव्या, एसी, सगळं काढून टाकलंय. मी जमिनीवर आडवा होतो आणि तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, आधी सावकाश, मग भराभर. तो माझाच असतो, हे उठून बसल्यावर कळतं.

गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. भाची आली होती. मंडळी जेवून गेली, भांडी आवरली, आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. वर्षभर ती फोनवर माझ्याशी फार बोलत नव्हती. मला वाटायचं, हिला कळलंय.

"मामा, एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी आईचा फोन आल्ता. दुपारी. म्हणे, डोकं लय जड झालं, धाप लागून राहिली, बाहेर ओसरीत जाऊन बसतो. म्या म्हटलं, इतक्या उन्हात बाहेर नको जाऊ, झळ लागन. तथीच पडून राय, थंड हाय ना." तिनं पदर डोळ्यांना लावला. "ती उठून राहिली व्हती, मामा. म्या तिले परत झोपवलं."

मी काय बोललो असेन? "हार्टनं गेली बेटा. डॉक्टर म्हणाले ना." इतक्या सफाईनं आलं ते तोंडातून. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पोरगी वाळून अर्धी झाली होती. माझं ओझं तिनं आपलं समजून वर्षभर वाहिलं होतं, आणि मी समोर बसून तिला डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवत होतो. मला माझी किळस आली.

मग मी सांगितलं. बंद केलेला आवाज, लुगडं, चार नऊ, खिशात घातलेले सेल. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा सैल होत गेला. वर्षभरानं कुणी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसा. तेवढा एक क्षण मलाही बरं वाटलं.

"तुमाले माहीत व्हतं, त्या हवेनं माणसाले काय होते ते?" तिनं विचारलं.

"हो."

ती उठली. पिशवी घेतली. चपला घातल्या. आमच्याकडे निघताना माणूस, पुरुष असो की स्त्री, 'येतो' म्हणतं, कितीही भांडण असो. दारात ती थांबली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जातो मी."