गुडघाभर खाण

शेअरच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी तुम्ही ती खाण पाहिली का? आमचे नाना न पाहताच आईच्या पाटल्या मोडायला निघाले होते.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका नव्या कंपनीला निकेल सापडणार होते. तिने धुळ्याचे वकील आणि कापसाचे दलाल मोटारीत घालून खड्डा दाखवायला नेले. नानांबरोबर मीही गेलो. "सरकारचा आणा निकेलचाच असतो," असे म्हणून एका वकिलांनी तिथला दगड कपाळाला लावला. मग सगळ्यांनीच लावला.

खड्ड्यात एक म्हातारा विहीरखोद्या होता. मंडळी बघत असली की तो पहार मारायचा. पाठ वळली की पहारेवर हनुवटी टेकून उभा राहायचा. खड्डा त्याच्या गुडघ्याला लागत होता.

"आबा, किती दिवस खणताय?" मी विचारले.

"तीन महिना व्हयनात."

"आणि एवढाच?"

त्याने शांतपणे तळहातावर तंबाखू चोळली. "भाऊ, विहीर खंदी ते जितला हात खोल तितली मजुरी भेटस. आठे या खड्डावर पाहुना येतस त्याच दिन भेटस. मंग खड्डा कसाले खोल व्हई?"

नाना मागेच उभे होते. परतताना त्यांनी पाटल्यांची पुरचुंडी माझ्या खिशात कोंबली. "आईला तूच दे," एवढेच ते म्हणाले.

त्या म्हाताऱ्याचे नाव मी विचारले नाही. कंपनीच्या माहितीपत्रकावरच्या सगळ्या पदवीधरांची नावे मात्र मला पाठ आहेत.

उद्या तुमच्या दारात कोणी चकाकता दगड घेऊन आला, तर सही थांबवा. आधी खड्ड्यापाशी जा आणि खणणाऱ्याला विचारा, मजुरी कशावर मिळते?