नसांची दारं

"पोटॅशियम भरपूर आहे तुमच्या अंगात. अडचण त्याच्या दारांची आहे," सांगलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी रागानं सासूबाईंकडे बघितलं. इतके दिवस त्यांनी मला नुसती केळी चारली होती.

फलटणच्या डॉक्टरांनी पोटॅशियम तपासायला सांगितलेलं आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ऐकलं होतं. "उसाला टाकतो त्ये पोटॅश व्हय? मग हिलाबी घालू की!" रिपोर्ट चांगला आला, तरी खोडव्याला, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, खत घालावं तसं मला केळी घालणं चाललं होतं.

सुरुवात पोटऱ्यांपासून झाली. कातडीखाली दिवसभर फडफडायचं, बसल्या जागी घाम फुटायचा. मग उसाला पाणी देताना एकदा खोऱ्यावरची मूठ उघडेचना. मी लय घाबरले. आमचे हे फौजेत. फोनवर म्हणाले, "रान वाट्यानं कसायला देऊन टाक." मी फोनच ठेवला. लग्न झाल्यापासून आमच्या उसाची दारं मीच धरते. सरी भरली की मातीनं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं दार फोडायचं. हे काम मला सोडायचं नव्हतं.

सांगलीत ईएमजी झाली. स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विजेची हालचाल तपासतात. मी गप्प पडून होते, मशीन मात्र तडतडत होतं. आजाराचं नाव निघालं न्यूरोमायोटोनिया, म्हणजे नसा शांत न बसण्याचा आजार.

मॅडमनी समजावलं, "निरोप देऊन झाला की नसेतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि नस शांत होते. त्याची वाट म्हणजे पोटॅशियम चॅनल. तुमची प्रतिकारशक्तीच चुकून ती दारं बंद पाडतेय. म्हणून स्नायू सैल पडत नाही."

"म्हंजी सरी भरली, पर पुढचं दार फोडायला कोण न्हाई," मी म्हणाले.

"अगदी तसंच!"

नसा शांत करणारी गोळी आणि प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध सुरू झालं. गोळीनं गरगरायचं. रक्त तपासायला पुन्हा पुन्हा सांगलीला जायचं, बाकावर ताटकळायचं. आत्या प्रत्येक खेपेला सोबत आल्या. त्यांचे आणि मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हालाही असं फडफडत असेल, तर अंदाजानं काही खात बसू नका, नसांच्या डॉक्टरांना दाखवा.

पोटरी अजून अधूनमधून फडफडते. पण परवा मी पुन्हा रानात उतरले. आत्या राखणीला बांधावर. पहिलं दार फोडलं आणि खोरं चिखलात पडलं.

"काय झालं गं? टाकलंस व्हय खोरं?"

"टाकलं न्हाई आत्या, सुटलं! मूठ आपसूक उघडली!"

दोघी रडलो. मग खोरं उचललं आणि पुढचं दार फोडलं.