टोपलीवरचं ओलं फडकं

आमच्या खाडीकाठच्या आगरातल्या बायका खाडीतून परत येताना टोपलीवर ओलं फडकं टाकतात. आतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, जिवंत राहाव्यात म्हणून, आणि आत काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणूनही. वाटेत कुणीतरी विचारतंच, "काय गो, गावलं काय?" उत्तर ठरलेलं, "काय नाय." ओझ्याने मान दुखत असली तरी "काय नाय". टोपली भरली असं तोंडाने सांगितलं की पुढच्या ओहोटीला खाडी हात आखडता घेते, असं सगळ्या मानतात. विचारणारीलाही खरं काय ते ठाऊक असतं. ती हसते आणि पुढे जाते.

मला हे उशिरा कळलं. मी इंग्लिश मीडियमची. बसने शाळेत जायचं, घरी येऊन पुस्तकात डोकं घालायचं. शेजारची मुलं मला 'मॅडम' म्हणायची आणि मी खाली बघून चालायचे. नोटाबंदीच्या पुढच्या उन्हाळ्यात बारावी झाली, तेव्हा आत्याने मला हाताला धरून खाडीवर नेलं.

"वहीत खाडी काढतेस, तिच्यात पाय कधी घातलास?"

तिवरांची, म्हणजे खारफुटीची, श्वास घेणारी मुळं मी बायोलॉजीच्या वहीत काढली होती, बाण दाखवून, नावं देऊन. इथे ती तळपायाला टोचत होती. आत्या चिखलात पायाच्या बोटांनी शिंपल्या शोधायची, खाली न बघता, गप्पा मारता मारता. चिंबोरीच्या बिळात लोखंडी आकडी घालून क्षणभर थांबायची आणि कुजबुजायची, "घरातच आहे बाई." तिवरांमागचा तो चिखलाचा पट्टा तिचा असा नव्हताच, सरकारी होता. पण नवरा गेल्यापासून तिला त्यानेच जेवू घातलं होतं.

त्याच सुट्टीत एका दुपारी आम्ही सगळ्या टोपल्या घेऊन निघालो, तेव्हा बांधावर दोघं जण उभे दिसले. एक मुलगा, एक मुलगी, पायांत बूट, हातात फॉर्म. मुलाने हिंदीत विचारलं, "मौसी, यहाँ क्या मिलता है?"

"काय नाय मिळत," आत्या म्हणाली. "चिखल आहे नुसता."

"मग येता कशाला?" मुलीने विचारलं.

"पाय थंड करायला!" मागून एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "यांना सांग गो, घरी एसी बिघडलाय."

मुलगा गोंधळला. मग आत्यानेच अभिमानाने मला पुढे ढकललं. "हिला विचारा. इंग्लिश फाडफाड बोलते आमची पोरगी."

त्याने मला इंग्रजीत विचारलं, या जागेवर कुणाचं पोट चालतं का? मग आत्याच्या टोपलीकडे बोट दाखवून, त्यात काय आहे?

ओल्या फडक्याखाली चिंबोऱ्यांचे पाय टोपलीच्या कडेवर वाजत होते. मला ऐकू येत होतं. आत्या माझ्याकडे बघत होती, बाकीच्याही. हे दोघं कशासाठी आलेत हे विचारायला हवं होतं. मला अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटते, आणि त्या वेळी गुडघ्यापर्यंतच्या चिखलाची लाजही वाटत होती. पण खरं कारण ते नव्हतं. माझ्याकडे पहिल्यांदाच त्या सगळ्या आपलं माणूस म्हणून बघत होत्या.

"नथिंग," मी म्हटलं. "इट्स एम्प्टी."

त्याने लिहून घेतलं, थँक्यू म्हटलं.

परतताना आत्याने चिखलाचा हात माझ्या गालावर फिरवला. "आता झालीस तू आमच्यातली." त्या संध्याकाळी तिने मला सगळ्यांत मोठी चिंबोरी वाढली.

पुढच्या वर्षी मंडप घालून सुनावणी झाली. त्या पट्ट्यावर भराव टाकून गोदामं आणि रस्ता होणार होता. गोदामं बांधणाऱ्या कंपनीचा इंग्रजी अहवाल वाचायला गावाने मलाच बोलावलं. मी वाचला. पडीक चिखलाची जमीन, विरळ झुडपं, स्थानिक लोकांचा उपजीविकेसाठी वापर नाही. त्याखाली लिहिलं होतं: स्थानिक महिलांशी प्रत्यक्ष चर्चेवरून. मी ते वाक्य मराठीत सांगितलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचं आहे?"

आत्याने मला कोपराने ढोसलं. "ऊठ. सांग त्यांना. इंग्लिशमध्ये सांग, आपण तसं बोलतोच म्हणून. ती रीत आहे म्हणून."

मी मनात वाक्य जुळवलं. दोनदा जुळवलं. साहेबांनी पुढचं पान उलटलं. मी उठले असते तरी काम थांबलं असतं असं मला वाटत नाही. पण मी उठले नाही, हे आत्याने पाहिलं.

पावसाळा संपल्यावर मुरुमाचे डंपर आले. बांधाच्या आत भरतीचं पाणी यायचं थांबलं. उरलेली तिवरं उभ्या उभ्या राखाडी झाली. चिखलाला भेगा पडल्या, आणि भेगांमध्ये निवट्या, ते पाण्याबाहेर उड्या मारणारे छोटे मासे, वाळून चिकटलेले दिसायचे. आत्या फुग्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथे दिवसभर बसून फुगे निवडायचे. तिच्या हातांना रबराचा वास येतो, साबणाने जात नाही. माझ्यावर ती कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, तिने टोपली काढली. मी न विचारता मागोमाग गेले. भरावाच्या टोकाला थोडा ओला चिखल उरला होता. ती त्यात बराच वेळ पाय फिरवत राहिली. बिळं होती, पण जुनी, कडा ढासळलेल्या. आकडी आत गेली आणि तशीच बाहेर आली.

निघताना तिने सवयीने फडकं भिजवलं, रिकाम्या टोपलीवर नीट पसरलं, टोपली डोक्यावर घेतली.

वाटेत शेजारची बाई नळावर भेटली. "काय गो, गावलं काय?"

आत्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. फडक्याचं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. ती तशीच चालत राहिली.