आमोण्याची जबानी, दुसऱ्यांदा

डिचोलीच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या माडीवर आमच्या वकीलबाबांचं ऑफिस होतं. तिथं मी टायपिस्ट होते. गोवा राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. अशील कोकणीत बोलायचे, मी त्यांची जबानी मराठीत उतरवायची आणि तिच्यावरून वकीलबाब इंग्रजीत अर्ज तयार करायचे. यात कोणाला काही वेगळं वाटत नसे.

आमचा जुना कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा. माऊस नव्हताच. सगळं बटणांवर चालायचं आणि माझी बोटं न बघता चालायची. नव्यानं आलेल्या ज्युनिअर वकीलबाई मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "सर, हा बदला. याच्यावर केलेलं काम दुसरीकडे कुठंच उघडत नाही." वकीलबाब हसून सोडून देत. मग एका सोमवारी पडदा उजळलाच नाही. म्हापशाहून मेकॅनिक आला आणि याचे सुटे भाग आता मिळत नाहीत असं सांगून गेला.

नवा कॉम्प्युटर आला. मेकॅनिकनं जुन्या फाइली त्यात घातल्या. इंग्रजी फाइली नीट उघडल्या. मराठी फाइल उघडली तर प्रश्नचिन्हं, कंस आणि तुटकी इंग्रजी अक्षरं. आमचं जुनं मराठी सॉफ्टवेअर या मशीनवर चालत नव्हतं.

बहुतेक जबान्यांचे कागद कपाटात होते. एकीचा नव्हता. आमोण्याच्या एका म्हाताऱ्या बाईची मुंडकाराची केस होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर बांधलेल्या आपल्या घराची नोंद मामलेदाराकडे करून घ्यायची होती. जबानी मी थेट कॉम्प्युटरवर टाइप केली होती. त्या दिवशी प्रिंटरची रिबन संपली होती, आणि नवी बसवल्यावर तो कागद काढायचा मी विसरले. अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचा होता. दोन दिवस मी ते कोणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वकीलबाबांना सांगितलं.

ते चिडले नाहीत. "आमोण्याला जा आणि परत घेऊन ये," म्हणाले. "वही घेऊन जा."

मी सकाळच्या बसनं गेले. म्हातारी घरामागे मिरचीच्या वाफ्यात वाकली होती. मला बघून कंबर धरत उभी राहिली.

"सगळें सांगलें न्हय गो त्या दिसा?"

"मशीन बदललं, मावशी. लिहिलेलं गेलं."

"त्या दिसा पुतान सांगलें. म्हाका कोणें विचारलें?"

ते खरं होतं. मुलगा तुयेच्या कारखान्यात होता. त्या दिवशी रजा घेऊन तो आईबरोबर आला होता. खुर्चीवर पुढं बसून तोच बोलत होता आणि मी तेच लिहीत होते. "घर बापानं बांधलं, त्याच्यामागं मी सांभाळलं, नोंद माझ्या नावावर करा," असं तो म्हणत होता. म्हातारी शेजारी मान हलवत होती. आज तो कामावर होता.

मी वही उघडली आणि विचारलं, "घर कोणी बांधलं?"

तिनं हात लुगड्याला पुसले. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी बोटीवर नोकरीला गेला, तो परत आला नाही. तेव्हा इथं नुसता झावळ्यांचा मांगर होता, खोपटंच. तिनं आणि सासूनं नदीकडची माती डोक्यावरून आणली. भिंती दोघींनी घातल्या. सासू गेली त्या वर्षी कौलं चढली. कुठली भिंत आधीची तेही तिनं मला हात लावून दाखवलं. सांगताना ती रडली नाही की थांबली नाही. मी तिच्याच शब्दांत लिहीत गेले. शेवटी तिनं अंगठा लावला.

वकीलबाबांनी वही दोनदा वाचली. "अर्ज बाईच्या नावानं करायचा," ते ज्युनिअर वकीलबाईंना म्हणाले.

दोन दिवसांनी मुलगा तावातावानं माडी चढून आला. "बाब, आधी एक लिहिलं, आता दुसरंच? आईला काय कळतं?"

"तुझ्या बापाला घर बांधताना तू बघितलंस?" वकीलबाबांनी विचारलं.

तो मग माझ्याकडे वळला. "तुम्ही तिला काय शिकवलंत?"

"मी फक्त विचारलं," मी म्हणाले. मागच्या वेळी मी तेवढंही केलं नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अर्ज तिच्या नावानं गेला. तलाठी पाहणीला आला तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. निकाल लागायला दीड वर्ष गेलं. तोवर नव्या कॉम्प्युटरवर माझा हात बसला होता, मराठी टायपिंगलासुद्धा. मात्र जबानी घेताना बरोबर आलेल्या माणसाला मी बाहेरच्या बाकावर बसवू लागले. काहींना राग यायचा.

आदेश न्यायला मायलेक दोघंही आली. पोचपावतीवर म्हातारीनं अंगठा लावला, साक्षीला मुलानं सही केली. नोंद कोणाच्या नावावर आहे ते तिनं मला वाचून दाखवायला सांगितलं. मी तिचं नाव वाचलं. तिनं कागद घडी करून पिशवीत घातला आणि बसची वेळ झाली म्हणून दोघं जिना उतरली.