समुद्राकडे निघालेलं पोतं

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तरी जिल्ह्यातल्या शिक्षकांना तो कसा वाचवायचा, हे शिकवायला माझीच निवड झाली. (ज्यांनी पाहिला होता, त्यांनी आधीच वैद्यकीय रजा टाकली होती.)

घरातला पहिला पदवीधर मी. ही निवड फारच मनावर घेतली. सोनपेठजवळ गोदावरीच्या काठी दोन रविवार वाकून पोतंभर कचरा गोळा केला. कॅरीबॅगा, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकचे हार, देवांच्या जुन्या तसबिरी. सोमवारच्या प्रशिक्षणात पोतं सगळ्यांसमोर उपडं करायचं आणि म्हणायचं, "हेच पुढे बंगालच्या उपसागरात जातं." त्या एका वाक्यावर माझं अख्खं भाषण उभं होतं.

सोमवारी सकाळी ओसरीवर पोतं नव्हतं.

"आबा, माझं पोतं?"

"गंगंत सोडलं की काल सांजच्याला," वडील बशीत चहा ओतत म्हणाले. (आमच्याकडे गोदावरी म्हणजे गंगाच.)

"सोडलं? का पण?"

"आरं, देवाच्या तसबिरी होत्या त्यात. गंगंला वाहिलेलं कुणी माघारी घरात आणतंय का? एवढं शिकून हेच शिकलास व्हय?"

"आबा, मी ते नदीतूनच काढलं होतं!"

"म्हणून तर. जिथलं तिथं नेऊन दिलं."

मी आईकडे वळलो. "माय, तू तरी अडवायचंस."

"अडवू कशी? मीच हळदीकुंकू लावलं पोत्याला. नारळबी दिला संगं. कॅरीबॅगमधी. भिजू नये म्हणून."

माझा तोल गेला. नदी, समुद्र, कासवं, मासे, सगळं एका दमात ऐकवलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कासवाचं लय वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण पोतं आता न्हाई घावायचं. धरणाचं पाणी सोडलंय. तू कायला चिडायलास?"

रिकाम्या हातानं प्रशिक्षणाला उभा राहिलो. खोटं बोलता येत नाही, म्हणून झालं ते सगळं सांगितलं. सभागृह पोट धरून हसलं. मागच्या रांगेतल्या एका मॅडमनी हात वर केला.

"सर, ते पोतं पुढं कुणाला सापडलं, तर कुणी टाकलं हे कळंल का?"

कळेल. पोतं हरवू नये म्हणून त्यावर मी पक्क्या काळ्या रंगानं माझं नाव आणि शाळा लिहिली होती. खाली ठळक अक्षरांत हुद्दाही: तज्ज्ञ मार्गदर्शक, सागरी प्रदूषण.