कुठला चुना, हे मी सांगितलं नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते आमच्या भोरच्या हायस्कूलमधल्या प्रयोगशाळेच्या मामांचे. हुद्द्याने ते शिपाई. बाटल्या धुवायच्या, टेबलं पुसायची, सर मागतील ते हातात द्यायचं, एवढंच त्यांचं काम. पण माझ्या गावची एसटी संध्याकाळी असायची आणि तोवर ते मला प्रयोगशाळेत बसू द्यायचे. ब्युरेटची तोटी कशी धरायची, थेंब कधी थांबवायचा, हे मी सरांच्या आधी मामांकडून शिकलो. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म वडिलांना वाचता येईना, तेव्हा मामांनी रजा टाकली, फॉर्म भरला आणि पुण्यापर्यंत सोबत आले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यामुळे.

मामांचा एक नियम होता. चिठ्ठी नसलेली बाटली उघडायची नाही. चिठ्ठीवर आत काय आहे, किती पातळ केलंय आणि कधी, हे लिहिलेलं हवं. एकदा सरांनीच बिनचिठ्ठीची बाटली मागितली, तर मामा म्हणाले, "सर, आत नुसतं पाणी आसंल तरी देणार न्हाई." सर चिडले. मामांनी त्यांच्यासमोर ती बाटली मोरीत ओतली आणि धुऊन पालथी घातली.

हे मी पाहिलेलं आहे. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग अजून जात नाही.

निवृत्त झाल्यावर मामा हिर्डोशीच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी राहायला गेले. भाताच्या खाचरांच्या खाली पाणी साचणारी जागा होती, तिथे त्यांनी चार गुंठ्यांचं तळं खणून घेतलं आणि रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. रोज सकाळी पेंड घेऊन ते बांधावर उभे राहायचे आणि मासे वर आले की मामींना हाका मारायचे. मामी म्हणायच्या, "शाळंतली पोरं सुटली, आता ही धरल्यात."

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मासे खाईनासे झाले. तांबडी माती, वरच्या रानातून वाहून आलेला पालापाचोळा, तो तळाशी कुजलेला. मामांनी मी दिलेली तपासणीची पट्टी पाण्यात बुडवली आणि मला फोन लावला. नसरापूरजवळच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत कामाला आहे. त्या वेळी साहेब समोर उभे होते.

"पट्टी पिवळी पडतीय रं," मामा म्हणाले. "डबीवरच्या रंगाशी लावली, पाच दावतीय. लई आंबट झालंय पानी. काय करू?"

"आम्ल आहे ना मामा? मग चुना टाका. आठवीतलं पोरगंही सांगेल."

"कंचा चुना? आन् किती?"

"चुना म्हणजे चुना! टाका दोन गोणी. मी कामात आहे." आणि मी फोन ठेवला.

ठेवताना मला बरंही वाटलं होतं, हे इथे लिहायलाच हवं. साहेबांसमोर मी कुणाला तरी सल्ला देत होतो.

मामा भोरला गेले. दुकानात "चुना द्या" म्हटल्यावर दुकानदाराने भिंतींना लावतात तो, भाजलेला कळीचा चुना दोन गोणी टेम्पोत टाकला. हा चुना पाण्यात पडला की उकळतो. तळं कोरडं असेल, आत मासा नसेल, तेव्हा तो थोडा पसरतात. मासे असलेल्या तळ्यात तो एवढा ओतला की पाणी आंबट होतं त्याच्या कितीतरी पटीने उलट्या बाजूला जातं आणि माशांचे कल्ले जळतात. हे मला माहीत होतं. आणि मामांनाही माहीत होतं! आयुष्यभर त्यांनी शाळेसाठी चुन्याची निवळी केली होती, शाळेच्या भिंतींसाठी चुना विझवला होता. मला न विचारता त्यांनी ते काम केलं असतं तर एक मासा मेला नसता.

दुपारपर्यंत सगळं तळं उलट्या पडलेल्या माशांनी पांढरं झालं.

मी रविवारी गेलो. एसटी फाट्यावर सोडते, पुढे चालत. मामा बांधाशेजारी मेलेल्या माशांचा खड्डा बुजवत होते. शेजारचे एक गृहस्थ, खाचराला खाचर लागून असलेले, खाली बसून तंबाखू मळत होते. मला बघून म्हणाले, "या सायंटिस्ट! मामांनी चुना तर टाकला, आता कात-सुपारी तेवडी ऱ्हायली. माशांचा इडाच करू."

मामा हसले. "म्हातारपनी हात ढिला झाला, दुसरं काय. ह्यानं बरूबर सांगितलं व्हतं. माज्याच हातनं जास्त पडलं."

"मग कशाला नसते उद्योग? भात लावा की गप."

"लावतो. बुजवूनच टाकतो ह्ये तळं."

मी तिथे उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. मी त्या शेजाऱ्यावर मनातल्या मनात संतापलो, न विचारता गोणी टाकणाऱ्या दुकानदारावर संतापलो, आणि फावडं हातात घेतलं.

घरी मामींनी चहा दिला. मामा हातपाय धुवायला गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुजा फोन झाल्यावर म्या म्हनलं, आदी बादलीत दोन मासं टाकून बगा. तर म्हनले, शिकल्याल्या पोरानं सांगितलंय, त्याला काय तपासायचं?"

मी कप खाली ठेवला. ज्या माणसाने सरांचंही ऐकलं नाही, त्याने माझ्यासाठी स्वतःचा नियम मोडला. कशामुळे? माझ्या नावापुढे तीन अक्षरं लागली म्हणून. त्यांचे चाळीस वर्षांचे हात आणि माझा एक कागद, यांत त्यांनी कागद मोठा मानला. असं मानायला त्यांना कुणी शिकवलं? त्यांना रोज "ए शिपाई" म्हणणाऱ्यांनी शिकवलं. आणि त्या दिवशी फोनवर मीही.

येताना एसटीत मी स्वतःला शिव्या घातल्या. त्याने काही होत नव्हतं. तळं बुजणार होतं. त्यांच्या गावात फोन धड लागत नाही आणि लागला तरी मामा "जाऊ दे रं" म्हणून विषय संपवतात. म्हणून वहीचं पान फाडून पत्र लिहिलं आणि सकाळी पोस्टात टाकलं. ते असं:

आदरणीय मामांस,

सविनय जयभीम.

तळं बुजवू नका. चूक तुमच्या हाताची नाही. "कंचा आन् किती" हे तुम्ही विचारलंत, मी सांगितलं नाही. बिनचिठ्ठीची बाटली मी तुमच्या हातात दिली. रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी बोलू दिलं. मला तुमचाही राग आला आहे मामा. तुम्ही मला तेव्हाच झापायला हवं होतं.

हे पत्र शेजारच्या काकांना वाचून दाखवा. वगळून वाचू नका.

आता चिठ्ठी लिहितो. तळ्यात सध्या काहीही टाकू नका. तळाचा पाला दाताळ्याने ओढून काढा. पट्टी रोज सकाळी लावा. ती साताच्या आसपास येऊन दोन आठवडे तिथेच राहिली तरच नवी बोटुकली. पुन्हा पाचावर उतरली तर चुनखडीची भुकटी, न भाजलेली. भिंतीचा चुना नाही. एका वेळी गुंठ्याला पाच किलो, सकाळी, तळ्याच्याच पाण्यात कालवून चारी बाजूंनी. दुसऱ्या दिवशी पट्टी बघूनच पुढचं.

आणि हे मी सांगितलं म्हणून खरं मानू नका. आधी बादलीत दोन मासे टाकून बघा, मामी म्हणाल्या तसं.

येत्या रविवारी पहिल्या एसटीने येतो. दाताळं दोन लागतील, एक शेजाऱ्यांकडून मागून ठेवा.

तुमचा विद्यार्थी